सतरा नंबर

आमच्या प्रेसमध्ये जगाला नावं नाहीत, नंबर आहेत.
नऊ म्हणजे बर्फाचा डोंगर आणि पायथ्याशी लाकडी घर,
बावीस म्हणजे गुलाबी झाडांची रांग, पाण्यावर पाकळ्या,
एकतीस म्हणजे पांढऱ्या भिंती, निळे घुमट, खाली समुद्र.
सगळ्यात जास्त खप सतराचा.
सतरामध्ये एक तळं आहे,
काठावर लाल छपराचं घर, एक होडी,
होडीत कोणी नाही.

दिवाळी सरली की गांधीबागेत आमचा सीझन.
लोखंडवाले, सोनेवाले, पिठाची चक्की, दाताचा दवाखाना,
सगळ्यांना वर देखावा हवा, मध्ये दुकानाचं नाव
आणि खाली तारखा, एकादशी, संकष्टी.
कळमन्याचा मिरचीचा अडत्या दरवर्षी नऊच नेतो :
"बर्फ पाह्यला का डोळ्यातली आग जाते, बाई."

मशीन एकरंगी,
म्हणून जग चार खेपांत येतं.
खुशाल निनावे आधी पिवळा चढवतात.
तेव्हा तळं नसतंच, नुसतं ऊन असतं,
आपल्या मे महिन्यातलं, दुपारी दोनचं.
मग लाल, घरावर छप्पर येतं.
मग निळा,
आणि शाईच्या वासात उभ्या आम्हा सगळ्यांच्या
मानेवरून काहीतरी गार जातं.
काळा शेवटी.
"सावलीबिगर पाणी खोल दिसत नाही," खुशालभाऊ म्हणतात
आणि रॉकेलच्या फडक्याला हात पुसतात.

मी टिनपत्ती ठोकते. दिवसाला बाराशे.
एकदा जेवणाच्या सुट्टीत
त्यांचं भिंग घेऊन वाकून पाहिलं
होडीत खरंच कोणी नाही का.
होडीच नव्हती.
ठिपके होते, निळे, लाल, पिवळे,
रांगोळी काढायला बसलेली बाई
मध्येच कोणी हाक मारली म्हणून उठून गेल्यासारखे.

"खुशालभाऊ, सतरा हाय कुठचं?"
"काहून? जाऊन ऱ्हायली का?"
"सांगा ना."
"सतरा नंबर हाय ते. अजून काय पायजे तुले?"
इंदू म्हणाली, स्वित्झर्लंड.
कटिंगवाला फिरोज म्हणाला, कॅनडा,
त्याचा साडू तिकडे टॅक्सी चालवतो.
मालक हिशेबातून मान वर न करता म्हणाले,
तळं आहे, कुठंही असेल.

झिरो माइलच्या खांबावर अंतरं कोरली आहेत,
बैतूलचं, जबलपूरचं, हैदराबादचं.
बस लाल दिव्याला थांबली की मी वाचते.
सतरा किती मैल, ते कोणी मोजलेलं नाही.

फेब्रुवारीत यांना मेयोत ठेवलं.
अकरा रात्री.
नर्सच्या टेबलामागे, कुठल्या तरी मेडिकल स्टोअरचं,
सतरा.
ट्यूबलाइट फडफडे, तळं हलल्यासारखं वाटे.
तिसऱ्या रात्री दिसलं, लाल केसभर सरकलाय,
छपराला दोन कडा आहेत.
म्हणजे ती दुपार.
खुशालभाऊंच्या लेकीला मुलगी झाल्याचा फोन आला होता,
पेढे येईपर्यंत मशीन चालू राहिलं
आणि दोन रीम तशाच निघाल्या.
रद्दीत जायच्या होत्या.
कोणी तरी पाठवून दिल्या.

शेजारच्या खाटेवर उमरेडची एक आजी होती,
नाकात नळी, डोळे भिंतीवर.
"काय जागा हाय व माय. कुठची हाय?"
मी तोंड उघडलं. स्वित्झर्लंड म्हणणार होते.
"गांधीबागेतली," म्हणाले.
"जवळच हाय मंग,"
असं म्हणून तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली.

पहाटे पाणी आणायला उठले तेव्हा
कॅलेंडर तिरकं झालं होतं.
सरळ केलं.
चौदा तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं होतं : सलाइन दोन.
वरची पत्ती डावीकडे जरा जास्त दबलेली.
मी तशीच ठोकते.